गडवाभर पेज

दोन हजार आठ साली आमच्या सौंदडच्या बायकांना एक शब्द असा पाठ झाला होता, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तोच निघाला असता. आडवी! पुढच्या महिन्यात गावातल्या देशी दारूच्या दुकानावर बायकांचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं असतात. उभीवर मत दिलं तर दुकान चालू, आडवीवर दिलं तर बंद. महिला मंडळाची अध्यक्ष सुशिलाबाई, म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको, माझी मोठीमाय. ती रोज दुपारी कोणाच्या ना कोणाच्या अंगणात बायकांना बसवायची आणि सरावाच्या चिठ्ठ्यांवर अंगठे मारून घ्यायची.

"विचार करू नोका," ती म्हणायची. "विचार केला का हात चुकते. डोये मिटा अन् आडवीवर मारा."

हे नीट लक्षात ठेवा. पुढे याच शिकवणीनं माझा गळा धरला.

मी रविता टेंभरे. तेव्हा तेवीस वर्षांची. घराच्या समोरच्या खोलीत माझा कम्प्युटर क्लास होता. दोन मशीन, चार खुर्च्या आणि गल्लीतली दहा-बारा पोट्टी. ही खोली मला कोणी ओवाळून दिली नव्हती. आधी तिथं धानाची पोती असायची. ती पोती बाहेर काढायला मी बाबांशी दोन वर्षं भांडले, तीन दिवस जेवले नाही आणि शेवटी आईला फितवलं. गावात माझ्या नावानं ओळखली जाणारी तेवढीच एक जागा होती. "रविताचा क्लास कुठं आहे?" असं कोणी विचारलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आता खरं सांगते. दुपारी पोट्टी घरी गेली की मी गेम खेळायची. मास्तरीण असले म्हणून काय झालं? गेममध्ये एक तळघर होतं. खाली उतरावं तितका अंधार, हाडांचे सांगाडे, दात विचकणारे राक्षस. आपला एक तलवारवाला गडी. मार खाऊन खाऊन त्याचा जीव संपत आला, पाय लटपटायला लागले, की एक नंबरचं बटण दाबायचं. मग तो कमरेची लाल बाटली काढून तोंडाला लावायचा. गटगटगट! की गडी ताडकन उभा, जसा काही सासुरवाडीहून जेवून आला.

एका सोमवारी मी बटण दाबलं, गटगट झालं आणि माझ्या मागून आवाज आला.

"काय पेऊन राहिला वं तो?"

मोठीमाय होती. पत्रकं टाइप करून घ्यायला आली होती.

"दवा आहे, मोठीमाय," मी म्हणाले. "जादूची."

"तुहे मोठेबाबा बी दवाच म्हणत होते."

मोठेबाबा म्हणजे तिचे यजमान. रेवाराम मोठेबाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आठवडी बाजारातून परत येताना शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तोल गेला आणि खाली चिखलात पडले ते उठलेच नाहीत. खिशात बाटली होती. ती फुटली नव्हती.

"अन् पेऊन उठला?" मोठीमायनं स्क्रीनकडे बोट केलं.

"हो."

"खोटं हाये. बाटली पेऊन माणूस उठत नाई, पडते. मी पाह्यलं हाये." मग ती माझ्याकडे वळली. "इथं लेकरं येतेत. त्यायले हेच शिकवून राहिली तू?"

"मी काय दारू विकून राहिली का इथं?" माझं डोकं तापलं. माझं डोकं तापायला फार काही लागत नाही.

"गुरुवारी मंडळ येईल. सगळ्याजणी पाहतीन. अन् चिठ्ठ्या टाकू. आडवी निघाली त क्लास बंद."

"कोणी सांगतलं बंद करायले?"

पण ती निघून गेली होती. पत्रकाचा कागद टेबलावर, आणि माझा जीव टांगणीला.

माझे बाबा शालीकराम गावभर वाघासारखे फिरतात, पण भावजयीचं नाव निघालं की टोपी हातात. संध्याकाळी ते खोलीत आले, पायानं लांबी मोजली आणि म्हणाले, "वहिनीनं आडवी केली त शुक्रवारी पोते आत. चाळीस मावतीन."

"बाबा!"

"पन्नास बी मावतीन, खुर्च्या काढल्या त."

रडू आलं. खरंच आलं. मग राग आला, आणि राग आला की मला सुचतं.

गेमच्या फोल्डरमध्ये सगळी चित्रं वेगवेगळी ठेवलेली होती. गड्याचं, राक्षसाचं, बाटलीचं. आणि पोट्ट्यांना मी वर्षभर शिकवत काय होते? पेंट! चित्र उघडायचं, खोडायचं, नवीन काढायचं. मी मंगळवारी बाटलीचं चित्र उघडलं आणि तिच्या जागी पितळेचा गडवा काढायला बसले. आपल्या घरी पाणी प्यायला असतो तो. पहिला गडवा टमाट्यासारखा झाला. दुसऱ्याला का कोण जाणे, कान फुटले. तिसरा जमला. त्याच्या तोंडाशी पांढरी वाफ काढली. कारण आत काय असणार? तांदळाची गरम पेज, मीठ घालून. तापातून उठलेल्या माणसाला आमच्याकडे दुसरं देतात तरी काय?

बाटली तीन ठिकाणी होती. कमरेला, हातात आणि खाली पडलेली. तिन्ही बदलल्या. बुधवारी खेळून पाहिलं. गड्यानं कमरेचा गडवा काढला, पेज प्यायला आणि ताडकन उभा. मला इतकं हसू आलं की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

गुरुवारी लोडशेडिंग संपून तीन वाजता लाइन आली आणि तिच्या पाठोपाठ एकोणीस बायका. चपलांचा दारात ढीग. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. माझी आई प्रेमिला पण मंडळात, ती सगळ्यात पुढे फतकल मारून बसली. बाबा दारात उभे. नजर माझ्याकडे नाही, खोलीच्या कोपऱ्यांकडे.

मी खेळायला लागले. पहिल्यांदा कोणाला काही कळेना. मग सांगाडा आला आणि त्यानं गड्याला हाणलं.

"अवं मारला न वं बिचाऱ्याले!"

"एकटाच काऊन गेला तो? घरी कोणी नाई का त्याले?"

"मागून येऊन राहिला, मागून! आंधळा हाये का?"

गड्याचा जीव खाली आला, पाय लटपटले. मी एक नंबर दाबला. गडवा निघाला, वाफ दिसली, गटगट आवाज आला.

"पेज हाये का वं?" मागून कोणीतरी विचारलं.

"पेज आहे, काकी."

"मंग उठनच," काकी म्हणाली, आणि सगळ्याजणींनी माना डोलावल्या. पेजेबद्दल सौंदडमध्ये कोणाचं दुमत नाही.

माझ्या जिवात जीव आला. तिथंच मी फुगले आणि तिथंच फसले. गड्यानं एक पेटी उघडली, आणि पेटीतून लालभडक बाटली बाहेर पडली. चौथी! ही मला माहीतच नव्हती.

"हे वं काय?" खुद्द माझ्या आईनं विचारलं. सख्ख्या आईनं!

पण तोंड माझं थांबत नाही, ते आपलं आपण बोलून गेलं. "हा राक्षसांचा माल आहे. ते हेच पितात, म्हणून तर असे झाले."

झालं! बायका उसळल्या. "फेक! फेक तिले! नालीत फेक!" तळघरात पाण्याचा एक डोह होता. मी गड्याला तिथपर्यंत नेलं आणि बाटली टाकून दिली. अशा टाळ्या पडल्या की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला उतरून खिडकीशी आला.

फक्त मोठीमायनं टाळी वाजवली नाही. ती माझ्या खुर्चीला टेकून उभी होती. वाकून हळूच म्हणाली, "सोमवारी गडवा नोहोता."

आता काय सांगायचं? तिच्याशी खोटं बोलायची हिंमत माझ्या बाबांत नाही, माझ्यात कुठून येणार?

"नव्हता. मी काढला."

"म्हंजे बाटली काढून तिथं गडवा ठेवला?"

"हो. चित्रच आहे, मोठीमाय. बदलवता येते."

ती स्क्रीनकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अखीन एकदा पाज त्याले. कोणतं बटण?"

मी दाखवलं. मोठीमायनं एका बोटानं, चुलीवरचा तवा गरम आहे का पाहावं तसं, बटणाला हात लावला. गडी पेज प्यायला आणि उभा राहिला.

"पाय सरळ पडून राहिले," ती स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्यानं, "चला, चिठ्ठ्या वाटा!"

सरावाच्याच चिठ्ठ्या वाटल्या. आडवी म्हणजे क्लास बंद, उभी म्हणजे चालू, असं तिनं दोनदा सांगितलं. निळ्या शाईचं पॅड फिरलं. एकेक बाई कोपऱ्यात गेली, अंगठा मारला, चिठ्ठी घडी करून डब्यात टाकली. माझ्याकडे बघून हसत होत्या सगळ्या. एकीनं तर गालावरून हात फिरवला. मी मनातल्या मनात तिसरं मशीन पण घेऊन टाकलं.

आई चिठ्ठ्या मोजायला बसली.

"आडवी," ती म्हणाली. "आडवी. आडवी. आडवी."

दहा झाल्या, बारा झाल्या, सगळ्या आडव्या. बाबा दारातून नाहीसे झाले. बाहेर पोती ओढल्याचा आवाज आला. इतकी घाई!

"अठरा आडवी," आई म्हणाली आणि तिचाच आवाज फुटला. "अवं, काऊन वं? सगळ्यायले त आवडला होता!"

"मले बी आवडला," काकी म्हणाली.

"मंग आडवीवर कायले मारलं?"

"कायले म्हंजे? महिनाभर तेच शिकवलं न! डोये मिटा अन् आडवीवर मारा!"

खोलीत एकच गलका झाला. "माहा बी हात तिकडंच गेला!" "मी त पाह्यलंच नाई!" मी आईकडे पाहिलं. तिच्या अंगठ्याला शाई होती.

"तू पण?" मी ओरडले. "तू माझी आई आहे का कोण?"

"हात गेला वं," आई रडकुंडीला आली. "सवय झाली."

अठरा बायकांनी मिळून मला प्रेमानं बुडवलं होतं. पण चिठ्ठ्या एकोणीस होत्या. आईनं शेवटची उघडली आणि तिचे डोळे मोठे झाले.

"उभी."

चिठ्ठी हातोहात फिरली. गुप्त मतदान म्हणे! उभ्या बाटलीवर निळा अंगठा होता, आणि अंगठ्याच्या मधोमध आडवी पांढरी रेघ. धान कापताना विळा लागून अंगठ्यावर असा वण असलेली बाई गावात एकच. अठराच्या अठरा नजरा तिच्याकडे वळल्या, माझी एकोणिसावी.

मोठीमायनं अंगठा पदरात लपवला. आडवीची अध्यक्ष! तिच्या कानाची पाळी लाल झाली. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला लाजताना पाहिलं.

"काय पाहून राहिल्या?" ती खेकसली. "मंडळात एका बाईले त अक्कल पाहिजे! अन् हे मतदान नाई, सराव होता. सराव फेल झाला. उद्यापासून डोये उघडे ठेवून शिकायचं, समजलं का? हात वर करा, क्लास चालू ठेवायचा कोणाले?"

अठरा बायकांचे एकोणीस हात वर गेले. आईनं दोन्ही केले. मोठीमाय दाराकडे वळून ओरडली, "शालीकराम! पोतं जिथं होतं तिथं ठेव!"

बाहेर धप्पकन आवाज आला.

बायका गेल्या. मोठीमाय मात्र खुर्चीवर बसून राहिली. पदराला निळी शाई लागलेली.

"काऊन मारला उभीवर?" मी विचारलं.

"तीस वर्षं मी बी तेच करत होती," ती म्हणाली. "त्यायच्या हातातली बाटली काढायची अन् गडवा द्यायचा. गरम पेज, मीठ टाकून. त्यायनं एक बार नाई घेतला." मग स्क्रीनकडे मान केली. "ह्याचं नाव काय ठेवलं?"

"काहीच नाही."

"तुह्या मोठेबाबाचं टाक. तूच लिही, मी नाव घेत नाई."

मी इंग्रजी अक्षरांत रेवाराम असं लिहिलं.

पुढच्या महिन्यात दुकानावर आडवी निघाली, भरघोस. पेटीतली ती चौथी बाटलीही मी बदलून टाकली. मोठीमाय अजून दुपारी येते, चपला दारात काढते आणि एक नंबरच्या बटणावर बोट ठेवून बसते. तळघरातल्या पहिल्या खोलीच्या पुढे ती कधी गेली नाही. गेम जिंकायचाच नाही तिला. गड्याला एक-दोन फटके बसू देते, पाय लटपटले की वाकून त्याला म्हणते, "घ्या. आज त ऐका."

आणि तो ऐकतो.