व्हर्नेलबाईंच्या डिकीतला वूफर

मी एक वूफर. म्हणजे गाण्यातला ठोका पेलणारा मोठा, काळा, गोल स्पीकर. गायकाचे शब्द आमच्याकडे येत नाहीत. ते दारातल्या छोट्या, नाजूक स्पीकरांकडे जातात. आमच्याकडे फक्त दणका. त्यामुळे गाणं म्हणजे आपणच, असा आम्हा वूफरांचा समज असतो. माझाही होता.

कारखान्यातला जन्म सांगण्यासारखा नाही. मी खरा जन्मलो कॉम्प्टन ह्या आमच्या कृष्णवर्णीयांच्या गावातल्या बाजारात, लायनल प्रुइट नावाच्या उमद्या माणसाने मला टिचकी मारून, कानाशी धरून, दुकानदाराशी यथेच्छ भांडून विकत घेतलं तेव्हा. त्याच्या तपकिरी कटलस गाडीच्या डिकीत त्याने माझ्यासाठी लाकडी पेटी बनवली. "बोल आता, बेट्या!" म्हणाला आणि बटण फिरवलं. शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरल्या. शेजारी ओरडले. लायनल हसत सुटला. इतकं सुखाचं बालपण फार थोड्या स्पीकरांना मिळतं.

एका संध्याकाळी, मागचा लाल दिवा फुटका आहे म्हणून पोलिसांनी त्याला रस्त्यात थांबवलं. गाडी घरी परत आली, लायनल आला नाही. तो पळून जाऊ लागला म्हणून गोळी झाडली, असं पोलिसांचं म्हणणं. मी डिकीतच होतो. इंजिन बंद होतं, दारही उघडलं नव्हतं. पण वूफरची साक्ष कोण काढतो?

गाडी त्याच्या थोरल्या बहिणीकडे, व्हर्नेलबाईंकडे आली. त्यांनी पहिल्याच दिवशी दिवा बदलला आणि त्या घरात लायनलचं नाव निघणं बंद झालं.

व्हर्नेलबाई टपालखात्यात नोकरीला, पण त्यांचा खरा हुद्दा रविवारी कळे. चर्चच्या दाराशी पांढरा गणवेश आणि पांढरे हातमोजे घालून त्या उभ्या राहत. प्रार्थना चालू असताना त्यांचा तळवा वर गेला, की येणारा असेल तिथे थबके, मग तो नगरसेवक असो की नवरदेव. तळवा खाली आला की वाट मोकळी. उशिरा आलेले खुद्द पाळकसाहेब एकदा दाराबाहेर ताटकळले होते म्हणतात.

अशा बाईच्या पोटी कॉर्डेल जन्मला. सुपरमार्केटात खोकी उचलायचा आणि उरलेल्या वेळात गुंडांची रॅप गाणी रचायचा. गाण्यात तो अख्खा मोहल्ला लोळवत असे. घरी आईला विचारल्याशिवाय फ्रीज उघडत नसे. त्याचा मित्र ओडिस ठोके बनवायचा. ध्वनिमुद्रण ओडिसच्या मावशीच्या कपड्यांच्या कपाटात चाले, कारण तिथे बाहेरचा आवाज येत नसे. मावशीच्या लोकरी कोटांकडे तोंड करून कॉर्डेल जगाला धमक्या देई.

अल्बमचं नाव ठरलं 'हेलिकॉप्टरखाली', कारण आमच्या मोहल्ल्यावर रात्रभर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घाली. आणि ओडिसचा एकच नियम होता: घरात चांगलं वाजलं ते खोटं, गाडीत वाजलं तर खरं. आमच्याकडे माणसं गाणी गाडीतच ऐकतात. त्यामुळे प्रत्येक गाणं आधी माझ्याकडे येई. काय दिवस होते! वर्षानुवर्षं भजनं पुटपुटल्यानंतर माझ्या छातीत पुन्हा वारं भरलं.

"अजून दणका पाहिजे," ओडिस म्हणायचा.

"भावा, आरसा निखळून पडेल."

"पडू दे. तुझ्या आईचा आहे."

अडचण तीच होती. 'माझ्या छताखाली असली घाण ऐकू आली, तर गाडीची किल्ली टेबलावर आणि तू रस्त्यावर,' हे व्हर्नेलबाईंनी एकदाच सांगितलं होतं. त्या दोनदा सांगत नसत. म्हणून पोरं आईला रविवारी चर्चला सोडत आणि उपासना संपेपर्यंत गाडी फिरवून चाचणी उरकत. आमच्या चर्चचं प्रवचन लांबतं. एवढ्या वेळात अर्धा अल्बम ऐकून व्हायचा.

एका रविवारी मात्र घोळ झाला. गाडी जागेवर लावली, किल्ली आईला दिली, पण कॅसेट आतच राहिली आणि आवाजाचं बटण टोकाला. व्हर्नेलबाईंनी त्या दिवशी पाळकीणबाईंना घरी सोडायचं कबूल केलं होतं. पाळकीणबाई पीच कॉब्लर नावाच्या फळांच्या गोड पदार्थाचं भांडं मांडीवर घेऊन बसल्या. बाईंनी किल्ली फिरवली.

मी असा दणका दिला की चर्चच्या पायऱ्यांवरची कबुतरं उडाली. मागोमाग कॉर्डेलने पोलिसांच्या आईचा उद्धार केला म्हणे. पाळकीणबाईंच्या मांडीवर कॉब्लर सांडलं. बाई बटण शोधत होत्या आणि पायऱ्यांवर सगळी मंडळी टोप्या सावरत उभी होती.

घरी किल्ली टेबलावर आली. कॉर्डेल पायरीवर, कपड्यांची पिशवी शेजारी. अल्बम कॅसेटी काढायला कारखान्यात पाठवायचा होता आणि चाचणी अर्धवट. माझ्या मनात आलं, संपलं, पुन्हा भजनं.

पण दुसऱ्या दिवशी व्हर्नेलबाई एकट्याच गाडीत येऊन बसल्या. काचा वर केल्या. तेच गाणं लावलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. मग काच खाली करून हाक मारली, "कॉर्डेल! आणि तो जाड्या ओडिस कुठाय? दोघं इकडे या!"

दोघं आले. एरवी बंदुकीशिवाय बोलत नाहीत असं गाण्यात सांगणारे हे वीर एकमेकांच्या मागे लपत होते.

"ह्यात लायनलचं नाव आहे?"

"हो, मम्मा."

"काय म्हटलंयस त्याच्याबद्दल?"

"ऐकलंस ना तू..."

"काय ऐकलं? डोंबल! धडामधूम, धडामधूम, मध्ये 'लायनल', पुन्हा धडामधूम. कोणी केलं हे?"

ओडिसने खाली मान घालून हात वर केला.

"बाळा, मी आयुष्यभर गायकवृंद ऐकलाय. शब्द कळले नाहीत, तर देवालासुद्धा कळत नाहीत. माझ्या भावाचं नाव घेताय ना? मग शेवटच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे. हा ढोल कमी करा."

ढोल म्हणजे मी! ह्या घराण्याची मी इतकी सेवा केली आणि हा न्याय. ओडिसची मान माझ्यापेक्षाही खाली गेली होती. पण नाही म्हणायची छाती कोणाची? त्या गाण्यात ठोका निम्म्यावर आला. मी रुसून हळू वाजलो, आणि हळू वाजलो म्हणून मला पहिल्यांदाच शब्द ऐकू आले. इंजिन बंद होतं, असं कॉर्डेल गात होता. हात स्टिअरिंगवर होते. दार उघडलंच नव्हतं.

मी गार झालो. ह्याला हे सांगितलं कोणी?

व्हर्नेलबाईंनीही तेच विचारलं.

"कोणी नाही," कॉर्डेल म्हणाला. "मामा आयुष्यात कधी पळाला का, मम्मा? बस पकडायलासुद्धा नाही."

बाईंनी स्टिअरिंगवरून हात काढले. मग किल्ली त्याच्या हातात दिली आणि आत गेल्या.

अल्बम निघाला. रेडिओने लावला नाही, दुकानांनी ठेवला नाही. आम्ही डिकीतून विकला: केशकर्तनालयांबाहेर, गाड्या धुण्याच्या जागी, बाजारात. मी वाजायचो, माणसं गोळा व्हायची, खोकी रिकामी व्हायची. पुढे प्रत्येक लाल सिग्नलला शेजारच्या गाडीतून आमचंच गाणं! एका विद्वानाने वर्तमानपत्रात लिहिलं की ह्या अल्बममुळे समाज बिघडेल. समाज तोवर उत्तम चालला होता, असं त्याच्या पाहण्यात आलं असावं.

आमचे पाळकसाहेबही पेटले. येत्या रविवारी चर्चच्या आवारात ह्या कॅसेटींवर रोडरोलर फिरवायचा, असं त्यांनी जाहीर केलं. आता चिरडायला कॅसेट तर हवी. कित्येक भाविकांनी ती आमच्याच डिकीतून विकत नेली. आणि पहिलं खोकं रोलरखाली कोणी ठेवायचं? व्हर्नेलबाईंनी. नाही ठेवलं, तर हातमोजे परत करायचे, म्हणजे दाराशी उभं राहणं कायमचं बंद.

"मम्मा, तू जाणारेस?" कॉर्डेलने विचारलं.

"रविवारी मी कुठे जाते?"

"म्हणजे चिरडणार?"

"इस्त्री तापलीय. मध्ये येऊ नकोस."

रविवारी आवार फुलून गेलं. कॅसेटींचा ढीग, वर्तमानपत्रवाले आणि धडधडणारा रोलर. पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर व्हर्नेल, पहिला मान तुमचा."

बाईंनी गाडी ढिगाजवळ आणली, दारं उघडली, डिकी उघडली. मला बऱ्याच दिवसांनी ऊन दिसलं. मग त्या रोलर आणि ढीग ह्यांच्यामध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि पांढऱ्या मोज्यातला तळवा वर केला.

रोलर जागच्या जागी थांबला. चालवणारा आमच्याच चर्चचा, जन्माची सवय. पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. तळवा तिकडे वळला. तोंड मिटलं.

"कॉर्डेल, लाव."

"मम्मा, त्यात शिव्या आहेत."

"ठाऊक आहे. त्याचं घरी बघते. लाव!"

आणि आम्ही वाजलो. कसे वाजलो म्हणून सांगू! मी हात राखून, शब्दांच्या खाली खांद्यासारखा. इंजिन बंद होतं. हात स्टिअरिंगवर होते. पाळकीणबाई हळूच म्हणाल्या, "अगं बाई, हा आपला लायनल." शेवटी नुसता ठोका उरला, तो माझा एकट्याचा. तो मी सगळा दिला, आणि माझा पडदा टर्रकन फाटला.

व्हर्नेलबाईंनी तळवा खाली घेतला. वाट मोकळी होती. रोलरवाल्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि ढिगातून स्वतःची कॅसेट शोधू लागला. पुढच्या रविवारी बाई नेहमीच्या जागी उभ्या होत्या. हातमोजे मागायची हिंमत कोणाची झाली नाही.

आता मी त्यांच्या गॅरेजात, नाताळच्या दिव्यांच्या खोक्याखाली पडून आहे. कॉर्डेलच्या नव्या घरात माझ्यासारखे भिंतभर वूफर आहेत म्हणे. तरुण, मजबूत, गाणं म्हणजे आपणच असं समजणारे. त्यांना माझा निरोप सांगा. दणका जरूर द्या, खिडक्या हलवा, शेजाऱ्यांना ओरडू द्या. पण गाण्यात कोणा माणसाचं नाव आलं, की तेवढ्यापुरते खाली या. शेवटच्या बाकावर कोणाची तरी बहीण बसलेली असते.