दोनशे शहाऐंशी वाक्यं

मास्तरांनी गाडीची किल्ली टेबलावर आपटली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा अशी, की टेबलाच्या काचेवर ओरखडा उठला. मग डाव्या हातातली पांढरी पाटी त्यांनी मुलाच्या नाकासमोर धरली. पाटीवर मार्करनं दोनच शब्द लिहिले होते : आवाज कुठाय?

"आहे, बाबा. इथंच आहे. जरा दम धरा," बारक्या म्हणाला.

बारक्या म्हणजे चौतीस वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा माणूस. ऑफिसांतले प्रिंटर दुरुस्त करायचा. वेगळं बिऱ्हाड थाटून आठ वर्षं झाली होती, पण या घरात तो अजून बारक्याच. शनिवारी सकाळी तो वडिलांचा लॅपटॉप घेऊन गेला होता आणि रविवारी दुपारी परत घेऊन आला होता. लॅपटॉप आता झटकन सुरू होत होता. पडदा कसा लख्ख होता. इतका लख्ख, की ज्यावर टिचकी मारली की मास्तर बोलायचे ते चित्रसुद्धा त्यावर नव्हतं.

मास्तरांनी तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. शाळेचं मैदान ते शाळा सुटल्यावर भाड्यानं घेत, त्यावर रबरी शंकू मांडत आणि मधोमध उभे राहून ओरडत. त्यांच्या ओरडण्यानं शिकाऊ माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर पडायचा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या घशातली आवाजाची पेटी काढून टाकली आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. त्याआधीचे अकरा दिवस आईनं त्यांना कपड्यांच्या कपाटासमोर बसवलं, भोवती ब्लँकेटं टांगली आणि त्यांच्या आवाजात एकेक वाक्य भरून घेतलं. दोनशे शहाऐंशी वाक्यं झाली. पुढे मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून, मांडीवर लॅपटॉप आणि शेजारी कर्णा ठेवून मास्तर पुन्हा शिकवायला बसले. यादीतल्या वाक्यावर टिचकी मारली की कर्ण्यातून ते ओरडत. टाइप केलेलं काहीही बोलून दाखवणारे प्रोग्रॅम असतात, पण ते परक्याच्या आवाजात बोलतात. तसला आवाज मास्तरांनी हॉस्पिटलात एकदा ऐकला होता आणि यंत्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं.

अलीकडे लॅपटॉप रखडायला लागला होता. शुक्रवारी एका बाईंनी ओळीनं तीन शंकू आडवे केले, गाडी थांबवली, खाली उतरून शंकू उचलायला घेतले, आणि तेव्हा कर्णा ओरडला, "ब्रेक!" अख्खं मैदान हसलं. मास्तरांनी घरी येऊन पाटीवर लिहिलं होतं : इंजिनिअरला बोलव.

त्या इंजिनिअरनं, म्हणजे बारक्यानं, लॅपटॉप फॉरमॅट करून ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानं टाकली होती.

"सगळा कचरा सी ड्राइव्हवर होता. तेवढीच पुसली. तुमचा प्रोग्रॅम डी वर आहे, डी ला मी बोटसुद्धा लावलं नाही," बारक्या म्हणाला. "हा बघा फोल्डर. आहे की नाही?"

फोल्डर होता. त्यानं त्यावर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर चौकट आली : हा फोल्डर उघडण्याची आपल्याला परवानगी नाही.

मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढून ते वाचलं. पाटी पुसायला फडकं होतं, पण त्यांनी शर्टाच्या बाहीनंच पुसली. मार्कर इतका दाबला की तो करकरला.

माझ्या आवाजाला माझीच परवानगी नाही?

"तसं नाही हो. फोल्डर जुन्या युजरच्या नावावर आहे. तो युजर सी बरोबर गेला. आता जो आहे तो नवा युजर. नाव तेच दिलंय मी, पण मशीनच्या लेखी हा वेगळा माणूस." त्यानं मालकाच्या नावाची जागा उघडून दाखवली. तिथं नाव नव्हतंच, नुसता लांबलचक आकडा होता.

"म्हणजे यांचं हे यांना ओळखत नाही?" आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या हाताला कणीक होती. "शुद्धीवर आहेस ना तू? पुसायच्या आधी कॉपी काढून ठेवली होतीस का, तेवढं सांग."

बारक्यानं चौकट बंद केली आणि फोल्डरवर परत टिचकी मारली.

"काढली नाहीस?"

"डी ला हातच लावायचा नव्हता, तर कॉपी कशाला काढायची?"

"कशाला काढायची! अरे अकरा दिवस मी त्या कपाटापाशी मांडी घालून बसले होते. रस्त्यावर हॉर्न वाजला की परत पहिल्यापासून. घोटभर पाणी गिळताना यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी बोलत होते. आणि तू एका रात्रीत पुसून मोकळा?"

"पुसलं नाहीये, आई! किती वेळा सांगू? तिथंच आहे ते!"

मास्तरांना ओरडायचं होतं. त्यांची मान फुगली, घशाच्या भोकावरचं जाळीदार कापड आतबाहेर झालं, आणि नुसती हवा आली. ज्या माणसाचा राग आवाजातच राहायचा त्यानं तो न्यावा कुठं? त्यांनी किल्ली पुन्हा आपटली. मग पाटी घेतली आणि सावकाश, शाळेतल्यासारखं वळणदार लिहिलं.

हात लावशील त्याचं वाटोळं करतोस. पहिल्यापासून.

बारक्यानं ते वाचलं. त्याचे कान लाल झाले. लहानपणी व्हायचे तसेच झाले.

"मी स्वतःहून आलो नव्हतो," तो म्हणाला. आवाज चढवायचा नाही असं ठरवून बोलत होता, ते त्याला जमत नव्हतं. "तुम्ही बोलावलंत. शनिवारचं एक काम सोडून आलो. रात्री दोनपर्यंत बसलो. कशासाठी? परत लोक हसायला नकोत तुम्हाला म्हणून. ते राहिलं बाजूला. ठीक आहे. हे चालू करून देतो आणि जातो. नंतर मला बोलवायचं नाही. लॅपटॉप पेटला तरी बोलवायचं नाही. या घरात मी परत पाय ठेवणार नाही."

"झालं? दोघांचं झालं?" आई म्हणाली. "एकाला बोलता येत नाही, एकाला बोलल्याशिवाय राहवत नाही. बापलेक कसले, वैरी आहात मेले!" ती आत गेली आणि ताटली जरुरीपेक्षा मोठ्यांदा ठेवल्याचा आवाज आला.

बारक्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मालक बदलायच्या जागी जाऊन त्यानं नव्या युजरचं नाव घातलं, आतल्या प्रत्येक फाइललाही तेच लागू व्हावं म्हणून खूण केली आणि होकार दिला. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकली. मास्तर त्याच्या खांद्यामागे उभे होते. त्यांचा श्वास भोकातून शिट्टीसारखा वाजत होता आणि बारक्याच्या मानेला लागत होता.

फोल्डर उघडला. आत दोनशे शहाऐंशी फाइली होत्या. आई हात न धुताच बाहेर आली.

"आहेत?"

"आहेत. पण या फाइली त्यांच्या प्रोग्रॅममध्येच वाजतात, आणि प्रोग्रॅम अर्धा मेलाय. त्याचा काही भाग सी वर असायचा. परत बसवावा लागेल, याच जागेवर. सेटअप कुठाय?"

सेटअपचा पेन ड्राइव्ह हॉस्पिटलच्या कागदांच्या डब्यात होता. लायसन्सचा नंबर त्याच्या पाकिटावर होता. बारक्यानं पेन ड्राइव्ह लावला. एकामागून एक चौकटी येत गेल्या आणि तो न वाचता 'पुढे' दाबत गेला. असे शेकडो सेटअप त्यानं केले होते. तिसऱ्या चौकटीत एक ओळ होती : आधीचा सर्व मजकूर काढून नव्याने बसवा. तिच्यापुढे खूण आधीच केलेली होती.

मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. पंजा लोखंडी होता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या हातातलं स्टिअरिंग फिरवलेला पंजा.

"दिसलंय मला," बारक्या दातांतून म्हणाला.

दिसलं नव्हतं. ते त्या दोघांनाही माहीत होतं. त्यानं खूण काढली, जागा तीच ठेवली आणि पाकिटावरचा नंबर एकेक आकडा उच्चारत घातला. पहिल्यांदा नाकारला. दुसऱ्यांदा आईनं वाचून दाखवला, तेव्हा घेतला. पडद्यावर ते जुनं चित्र आलं. टिचकी मारल्यावर यादी उघडली, एक ते दोनशे शहाऐंशी.

आईनं पदरानं डोळे टिपले आणि कणीक गालाला लावून घेतली. मास्तर पुढे झाले, पण बारक्यानं त्यांना लॅपटॉप दिला नाही.

"थांबा. एखादी फाइल बिघडलेली निघाली तर परत माझ्या नावानं शंख. मी सगळ्या तपासून देणार. आई, वही घे, मी सांगेन त्याच्यापुढे खूण कर. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

त्यानं कर्णा जोडला आणि पहिल्या वाक्यावर टिचकी मारली.

"मूर्ख आहेस का?" मास्तर ओरडले. दोन वर्षांपूर्वीचे, धडधाकट घशाचे मास्तर. खिडकीची तावदानं थरथरली.

"एक. चालतंय," बारक्या म्हणाला.

"डोळे घरी ठेवून आलास?"

"दोन. चालतंय."

"क्लच म्हणालो मी, क्लच! कुणी दिलं रे तुला हे डोकं?"

आई फस्सकन हसली. तीन. चार. पाचव्या वाक्यात शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली. मास्तर खिडकीशी जाऊन बाहेर तोंड करून उभे राहिले. रोज ते ही वाक्यं एकेक करून, नेम धरून वापरत. अशी ओळीनं, कुणाला उद्देशून नसलेली, त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"किती वेळा सांगायचं?" "तुला काय कळतंय त्यातलं?" "मध्ये बोलू नकोस." "दुसऱ्याचं पोर बघ, कुठल्या कुठं गेलं." ही मैदानावरची नव्हती, घरातली होती. बारक्या आकडा सांगायचा, चालतंय म्हणायचा. तिशीच्या पुढे तो नुसता आकडा सांगायला लागला. पन्नाशीनंतर तेही थांबलं. तो मान हलवायचा आणि आई खूण करायची. एकसष्टाव्या वाक्याच्या मध्येच मास्तरांना मोठी ढास लागली होती. त्या फाइलीतच मागून आईचा आवाज आला, "बास आता, पाणी घ्या." मग खाकरून मास्तरांनी वाक्य पुरं केलं : "तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही."

बारक्याचं बोट थांबलं. मग त्यानं मान हलवली. "खूण कर, आई," तो म्हणाला. "चांगलं ऐकू येतंय."

आईनं खूण केली नाही. ती खिडकीकडे बघत रागानं म्हणाली, "हॉस्पिटलनं दिली होती वाक्यं. छापलेली. साधी, माणसांत बोलायची. यांनी पुस्तकभर लाल रेघा मारल्या. म्हणाले, असलं मी जन्मात बोललो नाही, आता मरताना बोलू? म्हटलं, असू देत चारदोन. तर म्हणाले, जागा वाया जाईल."

मास्तर वळले. टेबलापाशी आले आणि त्यांनी बारक्याच्या हाताखालून माउस काढून घेतला. आता मघाचा लोखंडी पंजा नव्हता. त्यांनी यादी वरून खालपर्यंत नेली. दोनशे शहाऐंशीपर्यंत गेले, परत वर आले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा खाली निघाले. या वेळी एकेका ओळीवर थांबत. पाटी शेजारीच पडली होती, मार्करचं टोपण उघडं होतं. त्यांनी पाटीकडे हात नेला, तिच्यावरचं वळणदार अक्षर बघितलं आणि पाटी पालथी घातली.

बारक्या उठला होता. पेन ड्राइव्ह डब्यात, वायर पिशवीत, असं त्याचं चाललं होतं. "चालू झालंय ना? मग मी निघतो," तो म्हणाला. आईनं अडवलं नाही. अडवायचं तर कुठल्या तोंडानं?

दोनशे सत्तेचाळीसपाशी माउस थांबला. बराच वेळ थांबला. बारक्यानं चपला घातल्या, तेव्हा मास्तरांनी टिचकी मारली.

"उद्या ये." आवाज नेहमीसारखाच खेकसला. शिकवणी संपल्यावर शिकाऊ लोकांना घालवून देताना खेकसायचा तसा. "वेळेवर ये. उशीर झालेला मला चालत नाही."

शेजारची बाई गच्चीवरून आत गेली. बारक्या दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. वडिलांकडे न बघता, चपलेचा पट्टा सारखा करत त्यानं विचारलं,

"किती वाजता?"

मास्तरांना बोटं दाखवता आली असती. ते खुर्चीत बसले आणि परत यादीत शोधायला लागले.