काकूंची गाढ झोप

झोप आणि मन यांवर संशोधन करणाऱ्या मुलीने शिवणकामवाल्या काकूंच्या मनगटावरचा पट्टा सोडला आणि त्यातली नोंद बघून ती खूशच झाली. "काकू, इतकी गाढ झोप आमच्याकडे कुणाचीच नाही! रात्रभर हात हललेला नाही. म्हणजे मनही ठणठणीत!"

आठवडाभर काकूंचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण ते त्या मेल्या पट्ट्याला कुठून कळणार? काकांची झोप भारी सावध. नुसती कूस बदलली तरी खडबडून उठायचे. काकू जन्मभर लाकडासारख्या पडून राहिल्या.

"गुपित काय, काकू?"

"हलले की हे जागे होतात गं."

मुलगी हसली. काकांना जाऊन वर्ष झालं, हे सांगायचाही काकूंना कंटाळा आला.