टिकारामनं आणलेलं लुगडं

"हळू ओढ वं आशा. केसं हायेत ते, सुंभ नाही," सीताबाई कुरकुरल्या.

आशालतानं हात हलका केला. सासूच्या डोक्यावर मूठभर केस उरले होते, तेही फणीत निघून येत होते. ती ते गुपचूप मुठीत लपवायची. घरात सगळंच असं मुठीत चाललं होतं. डॉक्टरनं काय ते महिन्यामागं सांगून टाकलं होतं, पण घरात शब्द एकच, कावीळ. दिवाळीपर्यंत उतरते म्हणे.

वरच्या खोलीत पुण्याची प्राची आणि संकेत उतरले होते. कान्हाच्या जंगलात जाता जाता दोन दिवस बालाघाटात खरं जगणं बघायला. आशालताच्या नवऱ्यानं, गुणाकरनं, खोली पाहुण्यांना द्यायला काढल्यावरची ही पहिलीच माणसं, म्हणून त्याचा जीव नुसता वरखाली. संकेत सकाळपासून धोतर नेसून, लाल मुंडासं बांधून गल्लीत हिंडत होता. गल्ली सगळी पँटीत. ऑटोवाला हिरालाल विचारून गेला, "बाबूजी, बारात कब है?" संकेतनं त्याचाही फोटो काढला.

प्राचीला आशालतानं आपली चांगली साडी दिली, तर तिनं नाक मुरडलं. "काकू, ही सिंथेटिक आहे. अशा माझ्या आईकडे ढीगभर आहेत. मला ऑथेंटिक हवीय. गावाकडची."

गुणाकरनं पेटी उघडली. आशालता धावली.

"ते नका काढू जी. टिकाराममामाचं हाय ते."

टिकाराम म्हणजे सीताबाईंचा रामपायलीचा भाऊ. बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरून यावं लागतं, त्याशिवाय तिला उचलत नाहीत. माहेरात उरला होता एकटा टिकाराम, आणि त्यालाही दम्यानं धरलेलं. म्हणून दोन वर्षांमागं वारासिवनीच्या हातमागावरचं लुगडं घेऊन तो स्वतःच बसनं आला. "बाई, तुह्या वक्ती मी नसीन. आताच घेऊन ठेव." त्यावर दोघं बहीणभाऊ डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते. पुढच्याच पावसाळ्यात टिकाराम गेला. आता दुसरं आणणारं कोणी नव्हतं.

"कायले लागते ते?" गुणाकर पेटीतच बघत म्हणाला. "आई बरी होऊन राह्यली."

आशालताला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. लुगडं घरातून गेलं की मरणही गेलं, अशी त्याची समजूत. पण त्याला अडवायचं तर डॉक्टरचं ते बोलणंही उघड करावं लागलं असतं. म्हणून तिनं मुकाट्यानं त्या पोरीला निऱ्या घालून दिल्या.

प्राचीनं अंगणात सूप हातात घेतलं. सुपात काही नव्हतं. रिकामंच पाखडलं, हसली, फोटो झाले. मग, आशालता पुन्हा सासूचे केस विंचरत बसली होती त्या खाटेवर येऊन टेकली.

"आजी, कशी दिसते मी?"

सीताबाईंनी काठ दोन बोटांत धरला, चाचपला. त्यांनी ओळखलं होतं.

"साजरी दिसतं," त्या म्हणाल्या. "मले शोभन, त्याच्याहून साजरी."

"मग नेऊ मी हे? तुम्हाला पुण्याहून नवीन पाठवते. नक्की!"

"न्या न, न्या," गुणाकर घाईघाईनं म्हणाला. "आईले कुठं आता लुगडं नेसनं होते."

"मंग मले काय घालसीन, गुणाकर?"

"दिवाळीले नवं घेऊ न, आई. कावीळ उतरू दे."

सीताबाईंनी लेकाकडे पाहिलं. बराच वेळ. मग मान वळवून सुनेकडे.

"दोघी जरा जवळ या," संकेत मुंडासं सावरत म्हणाला. "आजी, थोडं हसा ना!"

आणि आजी हसल्या. पिवळ्या डोळ्यांनी, सांगितलं तसं.

आशालतानं फणी खाली ठेवली. मूठ उघडली, केसांचा पांढरा गुंता खाटेवर पडला.

"सोड ते लुगडं, पोरी. सासूबाई दिवाळी पाहात नाहीत. डॉक्टरनं महिना सांगतला होता, तो सरला. आज ना उद्या ते यांच्याच मयतावर टाकाचं हाय."