चिंध्यांचा लोड

सून बाळाला घेऊन माहेरी गेली त्या दिवशी मी समोरच्या इस्त्रीवालीला सांगितलं, "बोटाएवढ्या विंचवाला घाबरून पळाली." इस्त्रीवालीला सांगणं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगणं. मला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच सांगितलं.

झालं होतं असं. आठ महिन्यांची आमची नात नुकती रांगायला लागली होती. मी शिवणकाम करणारी, म्हणून मी तिला गुंडी म्हणते. सकाळी तिची दुपटी उचलली तर खालून पिवळट विंचू निघाला. मी चप्पल शोधेपर्यंत सुनेने त्याच्यावर काचेचा ग्लास पालथा घातला, खालून पुठ्ठा सरकवला आणि खिडकीपाशी नेऊन तो निरखून पाहिला.

"आई, चिमटे बघा किती बारीक. आणि नांगी केवढी जाड! असल्यांचंच विष वाईट असतं."

"एवढासा तर आहे," मी म्हणाले. "खरा विंचू काळा असतो, हाताएवढा."

"तो बहुतेक दिसायलाच दांडगा. चिमटेच जाडजूड असले की विषावर फार भिस्त ठेवावी लागत नाही. हा चावला तर मोठ्या माणसाचं एक वेळ निभावेल. गुंडीचं नाही."

तिचे वडील दगडाच्या खाणीवर मुकादम होते, तेव्हा तिला हे कळणारच. पण सासूला शिकवलेलं सासूला कधी आवडलंय? "घर नीट झालं की येते," म्हणून ती गेली आणि मशीनवर एक कागद ठेवून गेली. दाराखाली रबराची पट्टी, मोरीला बारीक जाळी, भिंतीच्या भेगा बुजवायच्या, मागच्या दारातल्या विटा हलवायच्या. आणि सगळ्यात खाली, चिंध्यांची गाठोडी घराबाहेर.

ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. तीस वर्षांच्या चिंध्या होत्या त्या, कापायच्या टेबलाखाली रचलेल्या.

मुलाने जाळी बसवली, भेगा बुजवल्या, विटा हलवल्या. पट्टी मात्र मी आणू दिली नाही. घरात एवढं कापड असताना रबर कशाला? मी चिंध्या ठासून भरल्या आणि दाराच्या मापाचा लोड शिवला, फट दिसेनाशी झाली. हुरूप आला, तशी गुंडीसाठी एक गोधडी शिवली आणि तिच्या चारी बाजूंनी तसलाच लोड लावला, म्हणजे पोरगी गडगडून बाहेर जायला नको. एका कोपऱ्यात शिवण उघडी ठेवली, अजून थोडं भरायचं होतं. गोधडी घडी करून गाठोड्यांवर ठेवली.

खरं सांगायचं तर घर खायला उठलं होतं. मशीन थांबलं की मला गुंडीचं हुंकारणं ऐकू यायचं, आणि ती तर नव्हतीच.

रविवारी दुपारी सून आली, तीही एकटी. मी तिच्या मागे रस्त्यावर पाहत राहिले. ती एका हॉटेलच्या कपडे धुण्याच्या विभागात कामाला आहे. चादरींवरचे डाग तपासायला तिथे जांभळ्या उजेडाचा दिवा असतो, तो ती विचारून घेऊन आली होती.

"ह्या उजेडात विंचू चमकतो, आई. पण अंधार पाहिजे."

अंधार मी केला. कोटाचं काळं अस्तर खिडक्यांना टाचून टाकलं. त्या कामात माझा हात कोण धरणार?

तिने कोपरे पाहिले, मोरी पाहिली, पलंगाखाली पाहिलं. कुठे काही नव्हतं. "बघ, झालं ना नीट?" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते, तेवढ्यात दिवा दाराखालच्या लोडावर गेला. शिवणीच्या टोकाशी काहीतरी हिरवंगार चमकलं आणि आत सरकलं.

मग तिने दिवा गोधडीवर धरला. उघड्या शिवणीत दोन होते.

मी भिंतीला धरून खाली बसणार होते. "भिंतीला नको, स्टुलावर बसा," म्हणत तिने मला दंडाला धरून बसवलं. मग लांब चिमट्याने तिन्ही विंचू झाकणाच्या बरणीत टाकले.

"फरशी पुसताना लोड भिजतो ना, आई? ओल, अंधार आणि घट्ट जागा. त्यांना आणखी काय हवं असतं?"

"मी सांगितलं होतं ना," असं ती म्हणाली नाही. मी तिच्या जागी असते तर वर्षभर म्हणत राहिले असते.

"तू तिला घेऊन गेलीस म्हणून..." मी विंचवांना घर शिवून दिलं होतं, तेही नातीच्या उशाशी. "तुझे फार उपकार झाले गं."

"उपकार कसले? माझीच पोर आहे." मग ती हळूच हसली. "मी पळून गेले, असं इस्त्रीवालीकडून कळलं मला."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

दुसऱ्या दिवशी मी लोड, गोधडी आणि एकेक गाठोडं उन्हात नेलं, काठीने उलगडून झटकलं आणि सगळ्या चिंध्या हात पुसायला गॅरेजवाल्याला देऊन टाकल्या. मुलाने दाराला रबराची पट्टी ठोकली. मग मी रस्ता ओलांडून इस्त्रीवालीकडे गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणाले, "माझी सून पळाली नव्हती. तिने माझी नात वाचवली. हेही सांग सगळ्यांना."

"सांगते," ती म्हणाली, "पण असल्या बातम्या जरा हळू जातात हं."

गुरुवारी सून आली, गुंडीला कडेवर घेऊन. आल्या आल्या तिने पुन्हा अस्तर लावून घेतलं आणि घरभर दिवा फिरवला. मी स्टुलावर बसून दिव्यामागे बघत होते. तिने दिवा बंद केला, अस्तर काढलं, आणि गुंडीला माझ्यासमोर उघड्या फरशीवर सोडलं.

"आई, हिच्याकडे बघा. मी आंघोळ करून येते."

तिने आतून कडी घातलेली मला ऐकू आली. गुंडी माझ्याकडे रांगत निघाली.