मौनाची फेरी

लॉजच्या खोलीत आरसा एकच होता आणि तो सकाळपासून सासूबाईंच्या ताब्यात होता. मिस्त्री मागे ताटकळत उभा होता. खांद्यावर टॉवेल, हातात ब्रश आणि गालावर सुकत चाललेला फेस.

"आई, देव तुझं तोंड बघणार आहे की भांग?"

"तू गप रे. तुझ्या बायकोसाठी चाललंय हे सगळं. मला काय, तुझ्या बहिणीची दोन आहेत मांडीवर खेळायला."

ती बायको पलंगाच्या कडेला ओटीपोटावर डाव्या बाजूला हात दाबून बसली होती. माहेरी सगळ्यांत धाकटी म्हणून तिला बारकी म्हणत आणि लग्नानंतरही तेच नाव चिकटलं. शाळांचे गणवेश शिवण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. गल्लीला गणवेशांपेक्षा तेच जास्त ठाऊक होतं.

आता तिने तोंडातून शब्द काढला नाही. तिचं मौन पहिल्या देवळापासून सुरू व्हायचं होतं, पण सासरी राहून तिला त्याचा सराव होता.

आदल्या संध्याकाळी, सासूबाई खाली चहाला गेल्या तेव्हा, ती नवऱ्याला म्हणाली होती, "अहो, या वेळी पाळी चुकलीय. बरेच दिवस झाले. आणि इथे एका बाजूला दुखतंय."

"अगं, मग चांगलंच आहे की!"

"दुखायला नको ना पण असं. इथेच कुणाला तरी दाखवू या का?"

"फेरी होऊ दे. घरी गेलो की पहिलं ते करू. आणि आईला आत्ताच सांगू नकोस हं, उगाच डोक्यावर घेईल."

मिस्त्री वाईट माणूस नव्हता. पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणारं त्याचं छोटं दुकान होतं आणि तिथे त्याचा एक बाणा होता. गिऱ्हाईक कितीही सांगो की बिघाड अमुकच आहे, मिस्त्री म्हणायचा, "मीटर लावल्याशिवाय मी बोलत नाही." दोन वर्षांपूर्वी बारकी एकटीच एका डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. त्या म्हणाल्या, दोघांच्याही तपासण्या करू, पुढच्या वेळी जोडीने या. मिस्त्री ते ऐकून हसला. "मला काय धाड भरलीय? चांगला दोन पोती उचलतो." तो गेला नाही, म्हणून तीही पुन्हा गेली नाही. तिच्या बीजनलिकेत जुन्या संसर्गाने पडलेला अडथळा त्या तपासण्यांत दिसला असता. तो कुणी पाहिलाच नाही. त्याऐवजी घरात उपास आले, अंगारे आले आणि शेवटी सात देवळांची ही फेरी आली.

बारकीची शंका खरी होती. गर्भ राहिला होता, पण तो गर्भाशयापर्यंत न पोचता वाटेतच, त्या नलिकेत रुजला होता. नलिका पेन्सिलीहूनही बारीक असते. वाढणाऱ्या गर्भाबरोबर ती काही काळ ताणते आणि मग फाटते. आधी कळलं तर औषधाने किंवा साध्या शस्त्रक्रियेने बाई वाचते. फाटल्यावर मात्र रक्त पोटात साचत जातं. बाहेर ते दिसत नाही, म्हणून बघणाऱ्याला वाटतं, काही झालेलंच नाही.

पहिल्या देवळाच्या पायरीवर वाटाड्या उभा होता. गळ्यात शिट्टी, घसा बसलेला. त्याने सगळ्यांच्या चपला एका पोत्यात भरायला लावल्या आणि नियम सांगितले. "मूल मागायला आलेल्या बायकांनी इथे तोंड मिटायचं, ते थेट सातव्या देवळात उघडायचं. पाणी नाही. बसायचं नाही. मागे वळायचं नाही."

"हा तोंडाचा नियम घरीपण लागू करता येईल का हो?" एका जाड्या गृहस्थाने विचारलं. पुरुष हसले. बायकाही हसल्या, तोंडावर पदर धरून.

"आणि मधेच कुणी बोललीच," वाटाड्या म्हणाला, "तर घाबरू नका. ती बाई बोलत नसते, देवी बोलत असते."

पहिली दोन देवळं झाली. काळ्या दगडाची, आत तेलाचा धूर कोंडलेली देवळं. एकातून निघालं की अरुंद गल्ली, दोन्हीकडे बांगड्यांची आणि तसबिरींची दुकानं, पायाखाली चिकट फुलं, की पुढच्याची रांग. तिसऱ्या देवळाच्या चढावर बारकी एकदम थबकली. पोटात काहीतरी तुटल्यासारखी कळ आली आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. जरा वेळाने पोटातली कळ बोथट झाली, पण खांदा ठणकू लागला. पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला, टोचतं आणि ती वेदना खांद्यात जाणवते. हे बारकीला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिने नवऱ्याची बाही धरली आणि खांद्याकडे बोट दाखवलं.

"काय? खांदा? अगं, पिशवी दे मग माझ्याकडे." त्याने पिशवी घेतली.

चौथं देऊळ आणि पाचवं देऊळ यांच्यामध्ये, त्याच रस्त्यावर, एक दवाखाना होता. पांढरी भिंत, बाहेर उभं केलेलं रिकामं स्ट्रेचर, दारात गप्पा मारणाऱ्या दोन परिचारिका. बारकी फाटकाशी थांबली. तिने फाटकाची सळई घट्ट धरली आणि नवऱ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता, ओठांवर घाम होता.

मिस्त्री म्हणाला, "आई, जरा दाखवून येऊ का हिला?"

"काय झालंय?"

"बरं दिसत नाहीये."

"उपाशीपोटी कुणाला बरं दिसतं? मला दिसतंय का बरं? माझे गुडघे बघ." सासूबाईंनी सुनेचा हात सळईवरून सोडवला. त्यात जोर होता, दुष्टपणा नव्हता. "तीनच राहिलीत, बाई. एवढं केलंस, आता नाट लावू नकोस. आत्ता मोडलंस तर आयुष्यभर तुझं तुलाच लागेल."

ती तिथेच का बोलली नाही, असं शहाण्या वाचकाला वाटेल. सासूबाईंच्या शेवटच्या वाक्यात त्याचं उत्तर होतं. फाटकाशी एक शब्द बोलली असती, तर सहा वर्षांच्या वांझपणाचं कारण कायमचं ठरून गेलं असतं : हिनेच मौन मोडलं. बारकीने हिशेब केला, की आणखी थोडं सोसता येईल. सोसण्याच्या बाबतीत तिचा हिशेब आजवर चुकला नव्हता.

"थोडं ओढ गं," मिस्त्री हळूच म्हणाला. "झालंच आता."

पाचवं देऊळ तिने भिंतीला धरून केलं. सहाव्याची रांग दगडी मंडपात वळसे घेत होती. मागून ढकलाढकली, पुढून घंटा. तिथे बारकीचे पाय गेले. ती खांबाला टेकून खाली सरकली आणि पायरीवर बसली. आणि बोलली.

"मला दवाखान्यात न्या."

आवाज बारीक होता, तरी जवळच्यांनी ऐकला. मग वाटाड्याची शिट्टी वाजली. "आई बोलली! आई बोलली!"

रांग मोडली. माणसं पायरीकडे धावली. कुणी तिच्या पायांवर डोकं ठेवलं, कुणी कपाळाला कुंकू फासलं. एका बाईने तिच्या गळ्यावरचा थंड घाम बोटाने टिपून आपल्या नातवाच्या डोळ्यांना लावला.

"सरका," बारकी म्हणाली. "श्वास… सरका ना."

"आई, माझ्या सुनेला होईल का?" घाम टिपणारी ती बाई ओरडून विचारत होती. "पोरगा हवाय गं, एकच मागते!"

"नको," बारकी म्हणाली. "नको, नको."

बाईने हंबरडा फोडला. लोक आणखी जवळ आले. सासूबाई सुनेपुढे गुडघ्यांवर बसल्या होत्या, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "सहा वर्षं बोलले तुला, आई. पदरात घे." सुनेची माफी त्यांनी अशी मागितली, सुनेला वगळून.

बारकीने गर्दीत नवऱ्याला शोधलं. तो दोन हातांवर होता. तिने त्याच्याकडे बघून पुन्हा स्पष्ट सांगितलं, "अहो. पोटात दुखतंय माझ्या. चला ना."

'अहो' म्हणणारी देवी कुणी ऐकली आहे? मिस्त्रीने ऐकलं. पण आजूबाजूला सगळे वाकलेले होते, आई रडत होती, घंटा थांबत नव्हती. मिस्त्रीचेही हात जोडले गेले.

बारकीने ते पाहिलं. त्यानंतर ती काही बोलली नाही.

तिचं डोकं खांबावरून घसरलं तेव्हा त्याला भान आलं. लोकांना लाथा घालत, शिव्या देत त्याने तिला उचललं. शिट्टीवाला ओरडत होता, "मागे वळायचं नाही!" मिस्त्री अनवाणी, आल्या रस्त्याने मागे पळाला, त्याच पांढऱ्या भिंतीच्या दवाखान्यात.

तिथली डॉक्टर तरुण होती. तिने नाडी पाहिली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि धावाधाव सुरू केली. जे करता येणं शक्य होतं ते सगळं तिने केलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातमोज्यांवर रक्त होतं.

"केव्हापासून दुखत होतं?"

"कालपासून," मिस्त्री म्हणाला.

"मग तुम्ही आज करत काय होतात? सकाळी इथून गेला असाल ना तुम्ही?"

"मौन होतं तिचं."

डॉक्टरने हातमोजे ओढून काढले. "गर्भ होता. नलिकेत. ती फाटली. सगळं रक्त पोटात गेलं. सकाळी आणलं असतं तर संध्याकाळी उठून बसली असती."

सासूबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी डोकं वर केलं. "गर्भ होता? म्हणजे देवीने दिलं होतं?"

"आजी," डॉक्टर म्हणाली, "तुमची सून गेली."

"दिलं होतं," सासूबाई मुलाकडे वळून म्हणाल्या. "ऐकलंस? दिलं होतं."

वर्ष झालं. सहाव्या देवळाच्या मंडपात आता त्या पायरीला शेंदूर आहे. खांबाला हिरव्या बांगड्या बांधलेल्या असतात. वाटाड्या तिथे फेरी थांबवतो आणि सांगतो, हे बोलत्या आईचं ठाणं. पायरीशेजारी चटईवर सासूबाई बसतात. त्या घरी परत गेल्याच नाहीत. नव्या सुनांच्या डोक्यावर हात ठेवतात, त्यांना कुंकू लावतात. इथून उठल्या, तर आपण फाटकावरून कुणाचा हात सोडवला ते आठवेल, एवढं त्यांना कळत असावं.

मिस्त्री दुकान बंद ठेवून दर आठवड्याला येतो आणि आपल्या आईच्या समोर, रांगेच्या वळणावर उभा राहतो. "ही माझी बायको होती," तो पायरीकडे बोट दाखवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. "दवाखान्यात न्या म्हणाली होती. मी नेलं नाही. हात जोडले." काही लोक ते ऐकून त्याच्याच पाया पडतात. सासूबाई म्हणतात, "मनावर घेऊ नका हो, डोक्यावर परिणाम झालाय त्याच्या."

परवा रांगेत एक तरुण जोडपं होतं. मुलगी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होती आणि झोकांड्या देत होती.

"काय होतंय तिला?" मिस्त्रीने नवऱ्याला विचारलं.

"मौन आहे तिचं."

"म्हणून तुला विचारतोय. तू विचारलंस का?"

वाटाड्याने शिट्टी फुंकली. मुलगी मिस्त्रीकडे बघत होती. मग तिने तोंड उघडलं.

"पाणी हवंय मला."

"आई बोलली!" मागून कुणीतरी किंचाळलं आणि रांग तिच्यावर कोसळायला लागली. मिस्त्री दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिला. "आई नाही, ही पोरगी बोलली! पाणी मागतेय! कान फुटलेत का तुमचे? पाणी मागतेय ती!" धक्के खात त्याने पिशवीतून बाटली काढून तिच्या हातात दिली. तिचा नवरा भांबावून उभा होता. मग तोही मिस्त्रीच्या शेजारी आला आणि त्यानेही हात पसरले.

मुलगी घटाघटा प्यायली. तिने बाटली खाली घेतली, तेव्हा तळाशी उरलेल्या घोटासाठी चारपाच ओंजळी पुढे आल्या. मिस्त्रीने बाटली उलटी करून ते पाणी जमिनीवर ओतलं.

"नळाचं आहे," तो म्हणाला. "साधं पाणी आहे."