पिवळा डाग

"अहो, यात मी कुठे आहे?"

प्रदर्शनातल्या फोटोला जवळजवळ नाक लावून बायकोने विचारले आणि कवळीवाले एक पाऊल मागे सरकले. याच फोटोला नुकतेच पहिले बक्षीस जाहीर झाले होते, आणि त्यातली आपली छबी दाखवायला बायकोने धाकट्या बहिणीला मुद्दाम ओढून आणले होते.

कवळीवाले दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवत. सुट्टीच्या दिवशी डोंगर, तळी टिपत. फोटो सुईसारखा स्पष्ट हवा, हा त्यांचा ध्यास. वाऱ्याने कॅमेऱ्याचे तिकाटणे हलू नये म्हणून त्याला बायकोची पर्स लटकवत. बटण दाबतानाचा धक्का नको म्हणून टायमर लावत, आणि स्वतःबरोबर बायकोलाही श्वास रोखायला लावत.

त्या दिवशी तळ्याकाठी ते म्हणाले, "डोंगर केवढा आहे ते कळायला समोर माणूस हवं. पलीकडच्या काठावर जाऊन उभी राहा."

बिचारी अख्ख्या तळ्याला वळसा घालून गेली. नवा पिवळा स्वेटर घालून खांबासारखी उभी राहिली. शिंक आली तीही गिळली.

पुढे घरी सफाई सुरू झाली. कॅमेऱ्यात धूळ शिरली की आकाशात ठिपके उमटतात. कवळीवाले फोटो पडद्यावर प्रचंड मोठा करून एकेक ठिपका पुसत. एवढा मोठा केल्यावर डोंगर कुठला आणि तळे कुठले, काही कळत नाही. आकाश संपले, काठ आला. तिथे एक पिवळट डाग दिसला. उभ्या जन्मात कवळीवाल्यांनी पिवळा डाग म्हणून ठेवला नव्हता. हात आपोआप गेला. शेजारचे गवत उचलून त्यावर असे काही बसवले, की सांधा कुठे तेही कळू नये.

"भाऊजी, ताईला कुठं लपवलंत?" मेहुणीने विचारले.

"ती... जरा लांब होती."

"लांब म्हणजे फोटोच्या बाहेर?"

तेवढ्यात परीक्षक हसत आले. "वा! एक कण नाही, एक डाग नाही! कसं जमवता हो?"

"घरच्यांची साथ," बायको म्हणाली.

कवळीवाल्यांनी घाम पुसला. मग तिच्या कानाशी लागून सगळे कबूल केले.

"मी डाग वाटले?"

"अगं, स्वेटर..."

"स्वेटरला नावं ठेवू नका."

मग ती बहिणीकडे वळली आणि काचेवर बोट टेकवून ठणकावून म्हणाली, "हे बघ. हा चपटा दगड दिसतोय ना? त्याच्या डावीकडे, इथे मी उभी होते. वारा असा, की कान बधिर झाले. पण हलले नाही." बहिणीने वाकून पाहिले. आणखी दोघे थांबले. परीक्षकही चष्मा सावरत त्या रिकाम्या गवताकडे बघू लागले.

गर्दी पांगल्यावर हॉलचा शिपाई फडके घेऊन आला. काचेवर तिच्या बोटाचा तेलकट ठसा उमटला होता, बरोबर तळ्याच्या काठावर. शिपायाने फडके उचलले.

"तेवढं राहू दे," कवळीवाले म्हणाले.